कचेरीची परिभाषा आणि कर्त्याचा लोप

१

संस्कृत व्याकरणशास्त्रात 'परिभाषा' या संज्ञेला निश्चित अर्थ आहे. सूत्रांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा नियम म्हणजे परिभाषा. अठराव्या शतकात नागेशभट्टाने 'परिभाषेन्दुशेखर' रचला तो अशा नियमांचे विवरण करण्यासाठी. पुढे या शब्दाचा अर्थ विस्तारला आणि कोणत्याही शास्त्राच्या वा व्यवहाराच्या विशिष्ट शब्दसमूहास परिभाषा म्हणण्याचा प्रघात पडला. तरीही मूळ अर्थातील एक अपेक्षा या विस्तृत अर्थात टिकून राहिली : परिभाषेने अर्थनिर्णयास साहाय्य करावे. ही अपेक्षा जेथे पुरी होत नाही, जेथे विशिष्ट शब्द अर्थ झाकण्याकरिता किंवा बोलणाऱ्याचे स्थान मिरविण्याकरिता योजिले जातात, तेथे परिभाषा संपते व जिला केवळ कचेरीबोली म्हणता येईल असा प्रकार सुरू होतो.

आजच्या व्यापारी कंपन्यांत जी इंग्रजी चालते तिच्यात या दोहोंची सरमिसळ झालेली आहे. तिच्यातील काही शब्द खरोखरीच पारिभाषिक आहेत. काही सौजन्याचे आहेत. आणि काहींचे प्रयोजन एवढेच की, एखादी गोष्ट घडली पण ती कोणी केली हे सांगावे लागू नये. हे तीन प्रकार निरनिराळे ओळखता येणे ही त्या कचेरीत काम करणाऱ्याची निकड आहे. आणि भाषेतून माणसाची जबाबदारी कशी व्यक्त होते, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचा खचितच नव्हे.

या प्रश्नाचा विचार करण्यास रायपूरसारखे दुसरे उपयुक्त स्थळ क्वचितच सापडेल. या शहरात व त्याच्या परिसरात मराठी ही एके काळी कचेरीची भाषा होती; आज ती तात्यापारा, चौबे कॉलनी अशा वस्त्यांतील काही कुटुंबांची घरगुती भाषा आहे. दुसऱ्याची कचेरीबोली शिकावी लागणे म्हणजे काय, आणि आपली कचेरीबोली दुसऱ्यावर लादणे म्हणजे काय, या दोन्ही अनुभवांचा वारसा येथील मराठीभाषकाकडे आहे.

२

नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगढाशी संबंध १७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपुरावर केलेल्या स्वारीपासून सुरू झाला. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूर येथे राहून कारभार केला, आणि त्यांच्या काळी मराठी भाषा व मोडी लिपी यांचा तेथे प्रवेश झाला. १७८७ मध्ये बिंबाजी निवर्तल्यावर प्रदेशाचा कारभार सुभेदारांच्या हाती गेला. परगणे पाडण्यात आले आणि परगण्यावर कमाविसदार व त्याच्या दिमतीस फडणीस आदी कामगार आले. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीचा काळ आला. सुपरिंटेंडेंट ॲग्न्यू याच्या वेळी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविण्यात आले. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले.

या कारभाराबरोबर शब्दांची जी आयात झाली ती पाहण्याजोगी आहे. करांची नावे घ्यावीत : टकोली, सायर, कलाली, पंडरी, सेवाई. टकोली ही जमीनदारांकडून घ्यावयाची खंडणी. सायर ही मालाच्या ने-आणीवरील जकात. कलाली ही मद्याच्या विक्रीवरील पट्टी. सेवाई म्हणजे किरकोळ बाबी. यांपैकी पंडरी हा शब्द प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. तो मूळचा 'पांढरी'. महाराष्ट्रातील गावगाड्यात शेतजमिनीला 'काळी' म्हणत आणि घरांच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी'. काळी कसणारा काळीचा सारा देई. जो काळी कसत नाही, पण पांढरीत राहून व्यापार वा कारागिरी करतो, त्याच्यावरचा कर तो पांढरी. दख्खनच्या मातीच्या दोन रंगांवरून निघालेले हे रूपक ज्याला ठाऊक होते त्याला करपात्र कोण आणि का, हे नावावरूनच कळत असे. छत्तीसगढातील विणकराला वा वाण्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या दृष्टीने तो एक अनाकलनीय ध्वनी होता आणि त्या ध्वनीबरोबर पैसे द्यावे लागत. शब्दाचा अर्थ त्याला शिकविला तो कोशाने नव्हे, वसुलीने.

कचेरीच्या भाषेचे स्वरूप या एका उदाहरणात जवळजवळ संपूर्ण आलेले आहे. एका ठिकाणच्या जीवनातून उचललेले रूपक दुसऱ्या ठिकाणी नेले जाते. वाटेत त्याचे चित्र पुसले जाते. उरते ते त्याचे बंधन. ज्याला चित्र दिसते तो शब्दाचा स्वामी राहतो आणि ज्याला केवळ बंधन जाणवते तो त्याचा अंकित होतो.

अर्थात स्वतः मराठी कारभाराची भाषाही उसनी होती. जमाबंदी, वसूल, फडणीस, कमाविसदार या शब्दांवरील फारसीची छाप उघड आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि त्यात यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. परंतु पुढील शतकातील दप्तरे पाहिली तर दरबारी पदांची काही नावे पालटलेली दिसतात, हिशेबाची नावे मात्र बहुधा होती तशीच राहिलेली आढळतात; 'पेशवा' हा शब्ददेखील मागे हटला नाही. याचे कारण शोधणे कठीण नाही. वसूल, बाकी, ताळेबंद हे शब्द कागदांच्या रकान्यांशी आणि कारकुनाच्या नित्याच्या कृतीशी बांधलेले होते. 'बाकी' म्हटले की कोणाकडून किती येणे आहे हे ठरत असे. ज्या शब्दाने कोणाचे तरी देणे निश्चित होते तो शब्द परका असला तरी भाषेत रुजतो, असा निष्कर्ष यावरून काढता येईल.

३

विसाव्या शतकात रायपुराच्या संबंधात परिभाषेचे दोन महत्त्वाचे प्रयत्न झाले. माधवराव सप्रे हे मराठीभाषक, जन्म १८७१ मधला, दमोह जिल्ह्यातील पथरिया येथला, शिक्षण बिलासपूर-रायपुराकडचे, आणि लेखन हिंदीतले. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे हे त्या कार्यातील त्यांचे सहकारी होते. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९०६ मध्ये जो हिंदी वैज्ञानिक कोश प्रसिद्ध केला त्यातील अर्थशास्त्राचा विभाग सप्रे यांनी सिद्ध केला होता. रामदासांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हे ग्रंथ त्यांनीच हिंदीत नेले. अर्थशास्त्राच्या संज्ञा घडविणारा आणि 'गीतारहस्या'तील प्रमेये दुसऱ्या भाषेत उतरविणारा माणूस एकच असावा, हा योगायोग खास नव्हे. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच होती : वाचणाऱ्याला विचार कळला पाहिजे. सप्रे यांचे देहावसान १९२६ मध्ये रायपूर येथेच झाले.

दुसरा प्रयत्न राज्ययंत्रणेचा. रायपूरचे वकील रविशंकर शुक्ल मध्यप्रांत-वऱ्हाडाचे मुख्यमंत्री असताना डॉ. रघुवीर यांच्या नागपूर येथील कोशकार्यास शासनाचा आश्रय मिळाला, आणि १९५० मध्ये त्या राज्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा म्हणून मान्यता दिली. संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे हजारो संज्ञा रचण्याचा हा उपक्रम व्युत्पत्तीच्या दृष्टीने सुसंगत होता. ज्या संज्ञांमागे नवी वस्तू वा नवे पद उभे होते त्या टिकल्या. ज्या केवळ रूढ शब्दाची जागा घेऊ पाहत होत्या त्या बहुतांशी कोशातच राहिल्या, आणि ज्या टिकल्या त्यांच्या भोवती कालांतराने एक नवी कचेरीबोली तयार झाली. 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' हे वाक्य शुद्ध आहे. पण योग्य म्हणजे कोणती, ती करावयाची कोणी आणि कधीपर्यंत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. इंग्रजी अमदानीतील कारकुनांनी रूढ केलेले 'डू द नीडफुल' हे वाक्य आणि हे मराठी वाक्य यांत केवळ भाषेचा फरक आहे, वृत्तीचा नाही. तात्पर्य, शब्द स्वकीय झाल्याने कचेरीबोलीचा दोष जात नाही.

४

आता आजच्या कंपनी-इंग्रजीकडे वळता येईल. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य निर्माण होऊन रायपूर राजधानी झाले. २०१० मध्ये तेथे भारतीय व्यवस्थापन संस्था आली. बँका, विमा, सिमेंट, पोलाद आणि संगणकसेवा यांच्या कचेऱ्यांतून व्यवस्थापनशास्त्राची इंग्रजी येथे नित्याची झाली. २००७ मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला. त्यामुळे येथील मराठी घरातील तरुणाला घरी मराठी, बाजारात छत्तीसगढी, सरकारदरबारी हिंदी आणि नोकरीत इंग्रजी अशा चार भाषा वागवाव्या लागतात. चौथी भाषा त्याने शाळेत शिकलेली असते. तरी पहिल्या बैठकीत ती त्याला परकी वाटते. कारण व्याकरण आणि शब्दार्थ ओळखीचे असूनही रूपकांचे मूळ अनोळखी असते.

त्या रूपकांची कुळे पाहिली म्हणजे 'पांढरी'ची आठवण होते. 'टच बेस' हा प्रयोग बेसबॉल या अमेरिकी खेळातला; अर्थ, थोडक्यात संपर्क साधणे. 'बेंचमार्क' ही भूमापकाने दगडावर कोरलेली खूण. तिच्यावरून उंची मोजावयाची, म्हणून तुलनेचे प्रमाण. 'बँडविड्थ' हा संदेशवहनशास्त्रातील शब्द. माणसाच्या संबंधात त्याचा अर्थ सवड एवढाच. 'लो हँगिंग फ्रूट' म्हणजे हाताशी आलेले फळ, अर्थात अल्प श्रमात साधणारे काम. 'डेडलाइन' चे कुळ भयंकर आहे : १८६४ च्या सुमारास, अमेरिकेतील यादवी युद्धात, अँडरसनव्हिल येथील कैद्यांच्या छावणीत एक रेषा आखलेली असे आणि ती ओलांडणाऱ्यास गोळी घातली जाई. 'स्टेकहोल्डर' म्हणजे मुळात पैज मारणाऱ्यांचे पैसे सांभाळणारा तिऱ्हाईत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः एडवर्ड फ्रीमन यांच्या १९८४ मधील ग्रंथानंतर, त्याचा अर्थ ज्याचे हिताहित एखाद्या उद्योगाशी निगडित आहे असा कोणीही, असा रूढ झाला. ज्याचे स्वतःचे काहीच पणाला लागलेले नाही तो मूळ अर्थ, आणि ज्याचे पणाला लागलेले आहे तो आजचा अर्थ. शब्दाने इतका उलटा प्रवास केला आहे.

प्रयोजनाच्या दृष्टीने या शब्दांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग यथार्थ परिभाषेचा. सी. के. प्रह्लाद आणि गॅरी हॅमेल यांनी १९९० मध्ये 'कोअर कॉम्पिटन्स' ही संज्ञा मांडली तेव्हा त्यांना एक विशिष्ट कल्पना सांगावयाची होती : एखाद्या उद्योगाच्या अनेक उत्पादनांच्या मुळाशी असलेले व सहज अनुकरण न होणारे सामायिक कौशल्य. 'डिलिव्हरेबल' म्हणजे ठरल्या दिवशी हाती द्यावयाची वस्तू वा कागद. 'बेंचमार्क' याच वर्गातला. असे शब्द शिकावेत आणि वापरावेत. त्यांना घाईने प्रतिशब्द शोधण्याने काही साधत नाही.

दुसरा वर्ग सौजन्याचा. 'टेक धिस ऑफलाइन' म्हणजे हा विषय चारचौघांत नको, नंतर दोघांत बोलू. 'आय डोन्ट हॅव द बँडविड्थ' म्हणजे मला सवड नाही. 'सर्कल बॅक' म्हणजे आज निर्णय होत नाही, पुन्हा या विषयाकडे येऊ. यांतील आडवळण सर्वस्वी निंद्य नाही. सभेत कनिष्ठाची चूक निघत असताना वरिष्ठाने विषय 'ऑफलाइन' नेला तर त्यात दयाबुद्धी असू शकते. मराठीतही 'पाहू', 'बघतो', 'कळवितो' ही नकाराची सौम्य रूपे आहेतच. मात्र सौजन्याची संकेतभाषा दोन्ही पक्षांना ठाऊक असावी लागते. 'पाहू' म्हणजे बहुधा नाही, हे मराठी माणसाला लहानपणी कळते. 'सर्कल बॅक' चा तोच अर्थ नवख्याला कळत नाही आणि तो उत्तराची वाट पाहत राहतो. उलट 'रिव्हर्ट' या क्रियापदाला भारतीय कचेऱ्यांनी 'उत्तर देणे' हा स्वतःचा अर्थ दिला आहे. तो इंग्लंड-अमेरिकेतील वाचकास चमत्कारिक वाटतो, कारण तेथे त्याचा अर्थ पूर्वस्थितीस जाणे असा आहे. पत्र कोणाकडे जावयाचे आहे हे पाहूनच हा शब्द योजावा, हे उचित.

तिसरा वर्ग लोपाचा. 'सर्टन रोल्स हॅव बीन इम्पॅक्टेड' या धर्तीचे वाक्य घ्यावे. त्याचा शब्दशः अर्थ, काही पदांवर परिणाम झाला आहे. वस्तुतः कोणीतरी बसून नावांची यादी केलेली असते आणि काही माणसांची नोकरी गेलेली असते. वाक्यात माणसाच्या जागी पद आले. काढून टाकण्याच्या जागी परिणाम आला. आणि काढणारा तर नाहीसाच झाला. 'राइटसायझिंग' या शब्दात याहून पुढची पायरी आहे. माणसे कमी करणे हे कृत्य योग्य होते, हा वादग्रस्त निर्णय शब्दातच गृहीत धरून टाकलेला आहे. 'टेक ओनरशिप' मध्ये स्वामित्व देऊ केल्याचा भास होतो. पुष्कळदा द्यावयाचे असते ते दायित्व, आणि अधिकार मूळ ठिकाणीच राहतो.

इंग्रजी जगातही या वृत्तीला विरोध झालेला आहे. १९४६ मध्ये जॉर्ज ऑर्वेल याने राजकीय गद्यातील अशा आडोशाची चिकित्सा केली आणि १९४८ मध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स याने ब्रिटिश सरकारी नोकरांसाठी 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहिले. तेव्हा हा इंग्रजी भाषेचा स्वभावदोष आहे असे मानणे अन्यायाचे होईल. मोठ्या संस्था ज्या भाषेत बोलतात त्या भाषेस तो जडतो.

५

हे शब्द मराठी वाक्यात येतात तेव्हा एक भाषिक घटना घडते आणि तिचा उपयोग कसोटी म्हणून करता येतो. मराठी परक्या क्रियापदाला सहसा स्वतःचे प्रत्यय लावीत नाही. त्यापुढे 'करणे' किंवा 'होणे' जोडते. 'एस्कलेट करणे', 'अलाइन होणे', 'इम्पॅक्ट होणे'. या जोडणीत मराठीला निवड करावीच लागते. 'विषय एस्कलेट झाला' म्हणावयाचे की 'अमुक याने विषय एस्कलेट केला' म्हणावयाचे? पहिल्या वाक्यात तक्रार जणू आपोआप वर चढली. दुसऱ्यात ती वरिष्ठांकडे नेणारा माणूस समोर आला. फारसी शब्दांच्या बाबतीतही हेच घडले होते. 'वसूल झाला' आणि 'कमाविसदाराने वसूल केला' यांत रयतेच्या दृष्टीने जो भेद होता तोच येथे आहे.

यावरून पुढील रीत सुचते. कंपनीच्या पत्रातील दुर्बोध वाक्य मनातल्या मनात मराठीत आणावे. इंग्रजी शब्द तसाच ठेवण्यास हरकत नाही. मात्र त्यापुढे 'करणे' लावून कर्ता शोधावा. कर्ता, कर्म व काळ ही तिन्ही सापडली तर शब्द परिभाषेचा आहे असे समजावे. कर्ता सापडतो पण तो मुद्दाम मागे उभा आहे असे दिसले तर ते सौजन्य असू शकते. आणि कोणत्याही प्रयत्नाने कर्ता सापडत नसेल, केवळ 'होणे' च शक्य असेल, तर त्या वाक्यातून काहीतरी वगळलेले आहे आणि जे वगळले आहे तेच बहुधा महत्त्वाचे आहे.

शब्द वापरण्याच्या बाबतीतही हीच कसोटी उपयोगी पडते. कचेरीतील नवख्याने ती बोली सर्वस्वी नाकारावी हा उपदेश व्यर्थ आहे. भोसल्यांच्या कचेरीत मोडी न शिकता कोणी कारकून झाला नाही. समुदायात प्रवेश मिळण्यास त्याची बोली यावी लागते. त्यात कमीपणा नाही. परंतु बैठकीनंतर जे टिपण पाठवावयाचे त्यात साधे वाक्य लिहिण्यास कोणाची बंदी नसते. 'डिलिव्हरेबल्सवर अलाइनमेंट झाले' असे बोलले गेले असेल, तर टिपणात 'विक्रीचा तक्ता शुक्रवारी सायंकाळपर्यंत लेखाविभागाने द्यावयाचा ठरले' असे लिहावे. 'मला समजले नाही' असे म्हणण्याचे धैर्य नवख्याला होत नाही. या लेखी वाक्याने तोच प्रश्न मानहानीवाचून विचारला जातो. समज चुकीची असेल तर ती तेव्हाच दुरुस्त होते, आणि बरोबर असेल तर देणेघेणे निश्चित होते.

आणखी एक मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. कचेरीच्या भिंतीआड जी बोली चालते ती भिंतीबाहेरच्या माणसापुढे वापरू नये. कर्ज मागणारा शेतकरी, विम्याचा दावा करणारी विधवा, कंत्राटावरचा मजूर यांच्याशी बोलताना 'प्रोसेसमध्ये आहे' एवढे म्हणणे म्हणजे छत्तीसगढी विणकराला 'पंडरी' म्हणण्यासारखेच होय. ज्यांच्या पूर्वजांच्या भाषेने या प्रदेशात तसे एकदा केले, त्यांच्या वंशजांनी आज हे विशेषत्वाने ध्यानात ठेवावे.

६

मराठीत भाषाशुद्धीचा वाद दीर्घकाळ चालला. सावरकरांनी परकीय शब्दांना पर्याय सुचविले. माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला आणि पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' ही लिहिला. त्या वादाचा रोख शब्द कोठून आला या प्रश्नाकडे होता. कचेरीच्या भाषेच्या संबंधात शब्द कोणाला वाचविण्यासाठी आला, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. 'बाकी' परकी असून प्रामाणिक आहे; 'योग्य ती कार्यवाही' स्वकीय असून अप्रामाणिक असू शकते.

साहित्यिकाला व समीक्षकाला यात लक्ष घालण्याचे दुहेरी कारण आहे. मराठी माणसाच्या जागेपणाचा मोठा भाग आज ज्या कचेरीत जातो तिची बोली कादंबरीत वा नाटकात यावयाची तर ती केवळ विनोदासाठी येऊन भागणार नाही; तिच्यातील भय, आर्जव आणि लपवाछपवी लेखकाला ऐकू आली पाहिजे. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. समीक्षेचीही एक परिभाषा आहे, आणि तीही कचेरीबोली होऊ शकते. 'या कृतीतून जाणिवांचे विविधस्तरीय आविष्करण घडते' असे लिहिले जाते तेव्हा तेथेही 'घडते' च असते. कोण काय करतो, कोणाला काय जाणवले, हे सांगितलेले नसते. सप्रे यांनी अर्थशास्त्राच्या संज्ञा सिद्ध करताना आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेताना वाचकाला जो हिशेब दिला, तोच कंपनीच्या व्यवस्थापकाकडे मागावयाचा असेल, तर समीक्षकाने तो आधी स्वतःच्या वाक्यांत चुकता केलेला असावा.